नवी संगणकप्रणाली आली, पण जुनी नोंदवही सुटत नाही : कर्मचाऱ्यांचा विरोध कसा हाताळावा?

प्रश्न

मी एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत खरेदी आणि भांडार विभागाचा प्रमुख आहे. काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे साठ्याच्या आवक-जावकीसाठी नवी संगणकप्रणाली लागू झाली. सर्वांना प्रशिक्षण दिले, प्रत्येकाच्या टेबलावर सूचनापुस्तिका ठेवली आणि शंका विचारण्यासाठी एक माणूसही नेमला. तरीही भांडारातील अनुभवी कर्मचारी आधी जुन्या रजिस्टरमध्ये नोंद करतात आणि वेळ मिळेल तेव्हा, बहुधा दुसऱ्या दिवशी, तीच नोंद प्रणालीत चढवतात. त्यामुळे काम दुप्पट झाले आहे आणि पडद्यावर दिसणारा साठा प्रत्यक्ष साठ्याशी जुळत नाही.

बैठकीत कोणीही विरोध करत नाही. सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडल्यावर आपापसांत कुरकुर करतात. वरिष्ठ व्यवस्थापनाचे म्हणणे आहे की पुढच्या महिन्यापासून रजिस्टर जप्त करावे आणि जो ऐकणार नाही त्याला लेखी समज द्यावी. ही माणसे कामचुकार नाहीत, उलट विभाग त्यांच्याच जिवावर चालतो, म्हणून सक्तीचा मार्ग मला पटत नाही, पण हा दुहेरी कारभार असाच चालू ठेवणेही शक्य नाही. अशा स्थितीत सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १

माझ्या मते सुरुवात रजिस्टरपासूनच करावी. ते बंद कसे करावे हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून, त्यात असे काय लिहिले जाते जे प्रणालीत लिहिता येत नाही, हे आधी पाहा. संबंधित कर्मचाऱ्याशेजारी बसून मागच्या काही पानांवरील एकेक नोंद त्याच्याकडून समजून घ्या. अनुभवी माणूस स्वतःवरचे दुप्पट काम हौसेने ओढवून घेत नाही. तो ते करत असेल, तर रजिस्टर त्याची एखादी अशी गरज भागवत असले पाहिजे जी प्रणाली आखणाऱ्यांच्या ध्यानात आलेली नाही.

समाजमानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1947 मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. कोणत्याही गटाची सध्याची कार्यपद्धती ही बदलाकडे ढकलणाऱ्या आणि बदलाला अडवणाऱ्या अशा दोन्ही बाजूंच्या बलांच्या समतोलावर टिकून असते. ढकलणारे बल वाढवले, म्हणजे आदेश, मुदत, समज यांचा मारा केला, तरी बदल घडू शकतो, परंतु त्याबरोबर गटातील ताण वाढतो. अडवणारे बल कमी केले, तर तोच बदल कमी ताणात होतो. तुमचे व्यवस्थापन पहिल्या मार्गाचाच विचार करत आहे, आणि अडवणारी बले कोणती याची चौकशी अद्याप कोणी केलेली दिसत नाही.

याच परंपरेतला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात पायजमे शिवणाऱ्या एका कारखान्यात केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 1948 मध्ये प्रसिद्ध झाले. कामाची पद्धत बदलताना एका गटाला निर्णय केवळ कळवला गेला, तर इतर गटांना तो बदल ठरवण्यात कमीअधिक प्रमाणात सहभागी करून घेतले. ज्यांना फक्त कळवले त्यांचे उत्पादन घसरले ते सावरलेच नाही आणि पहिल्या 40 दिवसांत त्यांच्यापैकी 17 टक्के लोक नोकरी सोडून गेले. सहभागी गट लवकर पूर्वपदावर आले. पण मला त्याहून बोलका वाटतो तो पुढचा भाग. पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांना काही काळाने दुसऱ्या कामावर हलवताना या वेळी चर्चेत पूर्ण सामील करून घेतले, तेव्हा तीच माणसे वेगाने सावरली. आडमुठेपणा त्यांच्या स्वभावात असता तर असे झाले नसते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बव्हंशी सहमत आहे, पण सहभागावर सगळी भिस्त ठेवू नये असे सुचवावेसे वाटते. याच धर्तीवरचा प्रयोग पुढे नॉर्वेतील एका कारखान्यात झाला आणि 1960 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा सहभागी गटांच्या उत्पादनात तसा फरक आढळला नाही. कोणत्या बाबतीत मत विचारले जाते आणि ते विचारणे कर्मचाऱ्यांना रास्त वाटते का, यावर बरेच अवलंबून असते. प्रणाली वापरायची हे आधीच ठरलेले असताना ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारणे ही त्यांची फसवणूक ठरेल. जे ठरलेले आहे ते स्पष्ट सांगावे आणि जे खरोखर बदलता येईल, उदाहरणार्थ नोंदीची वेळ, पडद्यावरील रकाने, मंजुरीचे अधिकार, तेवढ्यावरच मत मागावे.

दुसरे असे की सगळ्यांचा विरोध एकाच कारणाने होत नसतो. कॉटर आणि श्लेसिंगर या व्यवस्थापनतज्ज्ञांनी 1979 मध्ये त्याची चार कारणे दाखवली होती: स्वतःचे काही गमावण्याची भीती, गैरसमज आणि अविश्वास, परिस्थितीचे वेगळे आकलन, आणि बदल पेलण्याची मुळातली कमी क्षमता. प्रशिक्षणाने यातले फार थोडे सुटते. कोणता सुटा भाग कोणत्या फळीवर आहे हे ज्याला तोंडपाठ असल्यामुळे सगळा विभाग विचारायला येत होता, त्या माणसाचे महत्त्व शोधपट्टीत क्रमांक टाकताच संपते. त्याला पुस्तिका देऊन काय उपयोग? त्याच्या ज्ञानाला नव्या व्यवस्थेत अधिकृत जागा द्यावी लागेल, मग ती साठ्याच्या किमान पातळ्या ठरवण्याची जबाबदारी असो किंवा चुकीच्या नोंदी तपासण्याची.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. सुचवल्याप्रमाणे मी भांडारातील ज्येष्ठ सहकाऱ्यांबरोबर बसून रजिस्टर पाहिले. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने ‘मागणीपत्र नंतर’ असे शेरे वारंवार आढळले. रात्रपाळीत यंत्र बंद पडले की फिटर बेअरिंग किंवा पट्टा घ्यायला येतो, पण त्या वेळी मागणीपत्रावर सही करणारा अधिकारी हजर नसतो. मंजूर मागणीपत्राशिवाय प्रणाली जावक नोंदवूच देत नाही. माल अडवून ठेवला तर यंत्र बंद राहते, आणि नोंद न करता दिला तर तुटीची जबाबदारी भांडारपालावर येते. त्या शेऱ्यापुढे फिटरची सही असते आणि तेवढाच त्यांचा आधार आहे. ‘वही गेली तर उद्या माझ्याजवळ दाखवायला काय राहील?’ असे त्यांनी मला विचारले. बैठकीत हे का मांडले नाही, असे मी विचारल्यावर ते म्हणाले की तेथे वरिष्ठांसमोर नियमाबाहेर माल दिल्याची कबुली दिल्यासारखे झाले असते.

प्रतिसाद ३

हे समजल्यावर पुढचा क्रम बराच सरळ आहे. प्रणालीत ‘तातडीची जावक’ असा स्वतंत्र प्रकार करून घ्यावा, त्यात घेणाऱ्याचे नाव आणि यंत्राचा क्रमांक अनिवार्य ठेवावा आणि मंजुरी दुसऱ्या दिवशी ठरावीक वेळेपर्यंत देण्याची सोय असावी. मुदतीत मंजुरी न आल्यास विचारणा सही करणाऱ्या अधिकाऱ्याकडे व्हावी, भांडारपालाकडे नव्हे, आणि हे लेखी आदेशात स्पष्ट नमूद करावे. आतापर्यंतच्या पेन्सिलीच्या नोंदींबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही, हेही त्याच आदेशात असू द्या, नाहीतर उरलेल्या अडचणी कोणी सांगणार नाही.

नवी सोय प्रत्यक्ष चालते याची खात्री रात्रपाळीतच करून घ्यावी आणि तोवर रजिस्टर चालू ठेवावे. त्यानंतर मात्र ते बंद करण्याची तारीख निश्चित करून पाळावी, कारण दोन नोंदी समांतर चालू राहिल्या की खरी कोणती यावरून रोज वाद होतात. हा बदल पाळीच्या पर्यवेक्षकांना आधी समजावून सांगा. रात्री दोन वाजता फिटरला पहिले उत्तर त्यांनाच द्यावे लागणार आहे.