‘एसीई इनहिबिटर’ला मराठीत काय लिहावं?

पारिजात
रक्तदाबाच्या रुग्णांसाठी एका माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांपाशी अडले. एसीई (अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एन्झाइम) या शरीरातल्या एन्झाइमचं काम त्या रोखतात. मी ‘एसीई निरोधक’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून ‘प्रतिबंधक’ केलं, कारण निरोध म्हटलं की लोकांना कुटुंबनियोजनच आठवतं. ‘प्रतिबंधक’ वाचून सासूबाई विचारतात, “लशीसारखं का हे? रक्तदाब होऊच नये म्हणून?” त्या स्वतः हीच गोळी कधीपासून घेतायत! मजकूर लवकरच छपाईला जाईल. काय ठेवू?

खडूफळा
‘निरोधक’च ठेवा. ‘चित्तवृत्तिनिरोध’ पतंजलींपासून चालत आलाय. १९६८ साली बाजारात आलेल्या एका पाकिटापायी इतका जुना शब्द टाकून द्यायचा? आणि एन्झाइमला ‘विकर’ म्हणा. ‘लाळेतील टायलिन हे विकर पिष्टमय पदार्थांचे शर्करेत रूपांतर करते’ हे वाक्य मुलं घडाघडा म्हणायची.

औषधवाली
सर, मुलं म्हणायची, पण पुढे कुणी वापरलं नाही. माझ्या दुकानात ‘विकर’ म्हटलं तर समोरचा ‘विकार’ ऐकतो आणि घाबरतो. एन्झाइमच राहू द्या, पाचक एन्झाइमचं सिरप मागणारे रोज येतात.
पारिजातताई, नावापेक्षा खोकल्याची ओळ नीट लिहा. या गोळ्यांनी काहींना कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला होतो. एक आजोबा खोकल्याच्या बाटल्या नेत राहिले, गोळीवर संशय कुणालाच आला नव्हता. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि खोकला गेला.

शेवाळ
औषधवालीताई म्हणतात तो खोकला आणि ही गोळी एकाच गोष्टीतून आलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
एसीई हे एन्झाइम दोन कामं करतं. अँजिओटेन्सिन-१ च्या टोकाची दोन अमिनो आम्लं कापून त्याचं अँजिओटेन्सिन-२ करतं, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब चढतो. शिवाय ब्रॅडिकायनिन नावाचा, वाहिन्या सैलावणारा पदार्थ तोडतं. एन्झाइम रोखलं की दाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिन साचतं आणि बहुधा त्यानेच घसा खवखवतो.
शोधही तिथूनच लागला. ब्राझीलच्या सेर्जिओ फेरेरांना जराराका नावाच्या सापाच्या विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारं काहीतरी सापडलं. १९६५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, नंतर तो अर्क घेऊन ते लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. पण विषातले ते तुकडे प्रथिनांच्याच जातीचे, तोंडावाटे घेतले तर पोटात पचून जाणार. न्यू जर्सीत स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ऑन्डेटी यांनी ताडलं की या एन्झाइमच्या गाभ्यात जस्ताचा अणू असणार. त्याला घट्ट धरेल असा गंधक असलेला छोटा रेणू त्यांनी बांधला. तेच कॅप्टोप्रिल, अमेरिकेत १९८१ साली मंजूर झालं. एन्झाइमची घडण डोळ्यांपुढे ठेवून औषध रचण्याचं हे सुरुवातीचं ठसठशीत उदाहरण.
माझं मत ‘अवरोधक’ला.

म्हापशेकर
‘विकर’वर इतकी भिस्त कशाला? ‘वितंचक’ हा शब्दही आहे. दूध विरजायला घालतात त्याला संस्कृतात ‘आतंचन’ म्हणतात, धातू तोच ‘तंच्’. दुधाला दही करणारं ते वितंचक, किती नेमकं! युरोपातला ‘एन्झाइम’ शब्दही ग्रीकमधल्या ‘किण्वात असलेलं’ या अर्थावरूनच घडवलाय.

खडूफळा
छान आहे, पण ‘वितंचक’ उच्चारायलाच जड. ‘विकर’ सुटसुटीत, वि + कृ, बदल घडवणारं. ‘विकार’शी नातं आहे म्हणून बिचकायचं कारण नाही. विकार म्हणजे मुळात बदलच.

औषधवाली
मुळात असेल सर. आज मनोविकार, हृदयविकार म्हणजे आजार.

तांबडमाती
‘प्रतिरोधक’ का नको?

शेवाळ
ते मुळीच नको. जिवाणू औषधाला दाद देत नाहीत त्याला आपण ‘प्रतिजैविक प्रतिरोध’ म्हणतो. आता अमॉक्सिसिलिनसोबत क्लॅव्युलानिक आम्ल देतात ते बघा. अमॉक्सिसिलिन फोडणारं जिवाणूंचं एन्झाइम ते बंद पाडतं. म्हणजे प्रतिरोध मोडणाऱ्या औषधालाच ‘प्रतिरोधक’ म्हणायची पाळी येईल.
आणि रोखण्यातही प्रकार असतात. १८९४ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी एन्झाइमला कुलपाची उपमा दिली. काही औषधं कुलपात शिरून पुन्हा बाहेर पडतात. ॲस्पिरिन मात्र किल्ली आत मोडावी तसं एन्झाइम कायमचं निकामी करतं. रक्त गोठवणाऱ्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) केंद्रक नसतं, त्यांना नवं एन्झाइम घडवता येत नाही. म्हणून एका छोट्या गोळीचा परिणाम त्या बिंबिकेचं आयुष्य संपेपर्यंत, आठवडा-दहा दिवस टिकतो. ‘निरोधक’ काय नि ‘अवरोधक’ काय, हा फरक कशातच दिसत नाही.

पारिजात
शेवाळदादा, ‘अवरोधक’ मलाही आवडला होता. पण पुढच्याच पानावर बीटा ब्लॉकर, कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आहेत, तिथे तो वापरून बसलेय. लोसार्टनही तिथेच आहे, ते एन्झाइमला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन चिकटतं तो पुढचा ग्राही (रिसेप्टर) अडवतं. दोन्हींना एकच शब्द दिला तर खोकल्यामुळे गोळी का बदलली ते रुग्णाला कसं कळणार?

औषधवाली
सरळ वाक्य करा की. ‘रक्तवाहिन्या आकसवणारा पदार्थ शरीरात तयार होऊ न देणारं औषध.’ आणि कंसात नको, ठळक अक्षरात ‘एसीई इनहिबिटर’, डॉक्टरांच्या तोंडी तेच असतं.

खडूफळा
मग भाषांतर कशाला करायचं? शब्द आधी छापावा लागतो, मगच तो रुळतो. ‘प्रतिजैविक’ पहिल्या दिवशी कुणाला कळला होता?

औषधवाली
सर, अजूनही गिऱ्हाईक ‘अँटिबायोटिक’च मागतं.

तांबडमाती
म्हापशेकर, ‘विरजण’चा त्या ‘तंच्’शी काही संबंध आहे का? आमच्याकडे त्याला ‘मुरवण’ म्हणतात.

म्हापशेकर
नाही, ‘विरजण’ वेगळ्या कुळातला दिसतो. ‘मुरवण’ कुठल्या भागात म्हणतात? दह्यालाच, की लोणच्यालाही?