प्रोजेस्टेरॉन भरपूर असूनही कळा लवकर का येतात?

प्रश्न
चोविसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत गर्भाशयमुख आखूड दिसल्यामुळे माझ्या वहिनींना रात्री योनिमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल दिल्या आहेत. हे संप्रेरक प्रसूतीपर्यंत रक्तात भरपूरच असते असे वाचनात आले. मग ते वरून देऊन काय साधते, आणि दाहाचा याच्याशी संबंध काय?

प्रतिसाद १
मेंढीत प्रसूतीपूर्वी रक्तातील प्रोजेस्टेरॉन घसरते, माणसात घसरत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. गर्भाशयाच्या स्नायुपेशींत या संप्रेरकाचे अ आणि ब असे दोन ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश टिपणारी प्रथिने, असतात. ब ग्राहक दाह चेतवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला आवरून धरतो, त्यामुळे कॉक्स-२ हे विकर आणि पर्यायाने कळा आणणारे प्रोस्टाग्लँडिन कमी तयार होते. परंतु दिवस भरत आले की अ ग्राहकाचे प्रमाण वाढते, तो ब ग्राहकाचे काम दाबतो, आणि संप्रेरक असून नसल्यासारखे होते. योनिमार्गातून वर चढलेला जंतुसंसर्ग हाच दाह मुदतीआधी पेटवू शकतो.

प्रतिसाद २
एक पुरवणी जोडतो. हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट या कृत्रिम प्रकाराच्या इंजेक्शनला अमेरिकेत २०११ मध्ये मुदतपूर्व प्रसूती टाळण्यासाठी मंजुरी मिळाली होती, पण पुढच्या मोठ्या चाचणीत लाभ न दिसल्याने ती २०२३ मध्ये काढून घेण्यात आली. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची गोष्ट वेगळी आहे. गर्भाशयमुख २५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड असल्यास त्याचा उपयोग चाचण्यांत दिसलेला आहे. ताप आला किंवा अंगावरून पाणी गेले, तर मात्र कॅप्सूलवर विसंबून घरी थांबू नये.

प्रश्नकर्ती
पाकिटावर ‘नैसर्गिक’ असेच छापलेले आहे, आणि अहवालात १९ मिलिमीटर लिहिले आहे. आभारी आहे.