क्रूझवर वडिलांची दाढी: जहाजावरच्या सलूनबद्दल सल्ला हवा आहे

गंगावेशीचा (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. येत्या डिसेंबरात आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. त्या निमित्ताने आम्ही दोघे भाऊ त्यांना सिंगापूरहून सुटणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर नेणार आहोत. पहिल्या दिवशी सिंगापूरहून प्रस्थान, दुसऱ्या दिवशी पेनांग, तिसऱ्या दिवशी फुकेत, चौथा दिवस पूर्ण समुद्रात आणि पाचव्या दिवशी सकाळी परत सिंगापूर, असा कार्यक्रम आहे. तिकिटे, विमा, आईचे शाकाहारी जेवण हे सगळे मार्गी लागले. घोडे अडले आहे ते वडिलांच्या दाढीवर.

वाचणाऱ्याला हसू येईल, पण अडचण खरी आहे. वडील ७६ वर्षांचे आहेत आणि त्यांनी आयुष्यात स्वतःची दाढी स्वतः केलेली नाही. गेली चाळीसेक वर्षे एक दिवसाआड ते आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीत एकाच सलूनच्या खुर्चीत बसतात, आणि सोमवारी दुकान बंद म्हणून रविवारी संध्याकाळी आठवणीने जाऊन येतात. आता शिकावे म्हटले तर उजव्या हाताला कंप आहे. तरुणपणी तालमीत घुमल्यामुळे दोन्ही कान मोडलेले आहेत, त्यामुळे कानाजवळचे कल्ले सावरून घेणे हे नवख्या कारागिराचे काम नाही. त्यात हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज चालू आहे. आणि मिशा! दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका चकचकीत सलूनमध्ये न विचारता त्यांच्या मिशांची टोके कापली गेली, तेव्हा ते आठ दिवस घराबाहेर पडले नव्हते.

आमच्या जहाजावर सलून आहे असे माहितीपत्रकात लिहिले आहे, पण तिथे नेमके काय मिळते याचा उलगडा त्यातून होत नाही. दाढी वस्तऱ्याने होते की साध्या रेझरने, वेळ आधी ठरवावी लागते का, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी जे औपचारिक भोजन व फोटो आहेत त्यासाठी कोणता दिवस धरावा, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील. पैशांचा प्रश्न नाही, पण पैसे जाऊन रक्तही जाऊ नये एवढीच इच्छा आहे.

रंकाळाकाठ

मी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या जहाजांवर दाढी करून घेतली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे बहुतेक जहाजांवर स्वतंत्र न्हाव्याचे दुकान नसते; पुरुषांची दाढी हा स्पाचाच एक भाग असतो आणि तो स्पा पुष्कळदा जहाजकंपनीने बाहेरच्या ठेकेदाराला चालवायला दिलेला असतो. काही नव्या मोठ्या जहाजांवर मात्र पुरुषांसाठी वेगळे बार्बर शॉप केलेले आहे. गरम टॉवेल, दाढीपूर्वीचे तेल, ब्रशने फेस, दाढी, मग चेहऱ्याचा मसाज आणि थंड टॉवेल असा तो पाऊण तासाचा थाट असतो. तो सुखाचा असतो हे मी मोकळेपणाने कबूल करतो. पण आपण ज्याला दाढी म्हणतो ती त्यातली जेमतेम दहा मिनिटे असते.

वस्तऱ्याबद्दल आधी विचारणे अत्यावश्यक आहे. आपल्याकडे कारागीर पाते मधोमध मोडतो आणि अर्धे वस्तऱ्यात बसवतो, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. जहाजावर तसे असेलच असे नाही. माझ्या पहिल्या जहाजावर वस्तरा होता, दुसऱ्यावर मात्र माझ्या घरच्या कपाटात आहे तसाच दोन पात्यांचा साधा रेझर माझ्या गालावरून फिरला. बिल झाले ४५ डॉलर, आणि त्यावर १८ टक्के टिप आपोआप लागून ५३ डॉलर १० सेंट. अशी टिप बहुतेक जहाजांवर बिलातच धरलेली असते, कुठे १८ तर कुठे २० टक्के. म्हणून सही करण्यापूर्वी आकडा पाहावा, कारण त्याखाली आणखी टिप लिहिण्यासाठी मोकळी ओळ असते आणि आपल्यासारखा संकोची माणूस तिथेही काहीतरी लिहून बसतो.

दाढी संपल्यावर खरी परीक्षा सुरू होते. एका जहाजावर माझी त्वचा किती कोरडी आहे हे मला आरशात दाखवून चार बाटल्यांची यादी हातात ठेवण्यात आली. तिची किंमत दाढीच्या पाचपट होती. ‘फक्त दाढी हवी आहे, वस्तू घेणार नाही’ हे खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगावे. गालाला फेस लागल्यावर माणसाला वाद घालता येत नाही.

वेळ ठरवण्याबाबत: औपचारिक भोजनाच्या दुपारच्या वेळा सर्वांत आधी भरतात. शक्य असल्यास निघण्यापूर्वीच जहाजाच्या संकेतस्थळावरून वेळ घ्यावी, नाहीतर जहाजावर चढल्याबरोबर, जेवणाच्या रांगेत उभे राहण्याआधी स्पामध्ये जावे. जहाज बंदरात असते त्या दिवशी बहुतेक प्रवासी किनाऱ्यावर गेलेले असतात. त्या दिवशी पुष्कळ जहाजांवर स्पाचे दर कमी ठेवतात आणि कारागिरालाही घाई नसते.

त्वचा आणि वस्तरा

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे आणि राजारामपुरीत दवाखाना चालवते, म्हणून वैद्यकीय बाजूपुरते लिहिते.

रक्त पातळ ठेवण्याची गोळी दाढीसाठी किंवा प्रवासासाठी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘उद्या दाढी आहे म्हणून आज गोळी घेतली नाही’ असे सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. या गोळीमुळे छोट्या कापण्यातूनही रक्त नेहमीपेक्षा अधिक वेळ येते, पण स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबून धरल्यास ते बहुधा थांबते. सलग म्हणजे मध्ये उचलून न पाहता. तुरटीचा खडा जवळ ठेवावा, मात्र तो स्वतःचा असावा. दुकानात सर्वांच्या गालांवरून फिरणारा खडा नको.

कारागिराला उलटी दाढी करू नये असे स्पष्ट सांगावे. केसांच्या दिशेने एकच हात पुरे. उलट्या हाताने गाल गुळगुळीत होतो हे खरे, पण केस त्वचेच्या पातळीखाली कापला गेल्यास तो आतच वळतो आणि दोन दिवसांनी मानेवर पुरळ उठते. पाते नवे असावे आणि त्याचे वेष्टन आपल्यासमोर फोडले जावे, कारण हेपटायटिस बी आणि सी हे आजार वापरलेल्या पात्यावरील रक्तातून पसरू शकतात. हा नियम जहाजावर पाळायचा आणि गंगावेशीत सोडून द्यायचा असा नाही. दाढीनंतर त्या दिवशी जलतरण तलावात उतरू नये. क्लोरिनने गाल चांगलाच झोंबतो.

निवृत्त दर्यावर्दी

मी आयुष्यभर मालवाहू जहाजांवर इंजिन खात्यात काम केले. आमच्या जहाजांवर न्हावी नसे; ज्याचा हात बरा तो इतरांचे केस कापायचा आणि दाढी ज्याची त्याने करायची. त्यामुळे सलूनबद्दल मला अधिकार नाही, पण जहाज कधी हलते आणि कधी नाही हे मी सांगू शकतो.

प्रवासी जहाजांवर स्पा बहुधा वरच्या मजल्यांवर आणि पुढच्या टोकाला असतो, कारण तिथून समुद्र छान दिसतो. पण लाटेवर जहाज खालीवर होते तेव्हा सर्वाधिक हेलकावे टोकांनाच जाणवतात, आणि डावीउजवीकडे झुकताना उंचावरच्या माणसाला जास्त झोका बसतो. आडवे झुकणे कमी करण्यासाठी जहाजाच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंख असतात, पण पुढेमागे डुलण्यावर त्यांचा फारसा उपाय चालत नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीत सहसा मोठ्या लाटा नसतात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. तरीही रक्त पातळ असलेल्या माणसाने चालत्या जहाजाच्या नाकावर बसून वस्तरा लावून घ्यावा हे मला पटत नाही.

तुमच्या कार्यक्रमात दोन थांबे आहेत आणि ते सारखे नाहीत. पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला दोरांनी बांधलेले असते, म्हणजे खुर्ची गंगावेशीइतकीच स्थिर. फुकेतला मोठी जहाजे बहुधा पातोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभी राहतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. डिसेंबरात तो किनारा शांत असतो, त्यामुळे तो दिवसही वाईट नाही. पावसाळ्यात मात्र मी वेगळे सांगितले असते.

जाता जाता एक गंमत. पूर्वी जहाज विषुववृत्त ओलांडताना नवख्या खलाशांची दाढी करण्याची प्रथा होती. फेब्रुवारी १८३२ मध्ये बीगल जहाजावर चार्ल्स डार्विनच्या तोंडाला डांबर आणि रंग फासून तो लोखंडी पट्टीने खरवडला होता. सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १३७ किलोमीटरवर आहे आणि तुम्ही तिथून आणखी उत्तरेलाच जाणार, म्हणजे वडील त्या दाढीतून सुटले.

खासबागवाला

पेनांगला जहाज धक्क्याला लागणार हे वर आलेच आहे, मग जहाजावर कशाला? धक्क्यापासून जॉर्जटाउनमधले लिटल इंडिया चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे. तिथे तमिळ कारागिरांची साधी दुकाने आहेत आणि त्यांचा हात आपल्याच वळणाचा आहे: फेस, वस्तरा, तुरटी, वर मानेला दोन थापा. माझ्या सासऱ्यांनी तिथे दाढी केली, त्याचे पैसे रिंगिटमध्ये, म्हणजे मलेशियाच्या चलनात, रोख दिले आणि ते जहाजावरच्या दराच्या आसपासही नव्हते. वडिलांना वातानुकूलित खोलीत मंद संगीत लावून काकडीचा लेप देणाऱ्यापेक्षा हा माणूस अधिक ओळखीचा वाटेल, असे माझे मत आहे. एकच काळजी घ्यावी: जहाज सुटण्याच्या वेळेआधी दोन तास तरी परत यावे, कारण दाढी राहिली म्हणून जहाज थांबत नाही.

प्रवासी पाऊल

सामानाबद्दल थोडेसे. वस्तरा आणि सुटी पाती विमानात हातातल्या पिशवीत चालत नाहीत, ती मोठ्या बॅगेतच टाकावी लागतात. चार्जिंगचे इलेक्ट्रिक शेव्हर मात्र हातात नेता येते. ते आधीच पूर्ण चार्ज करून न्यावे. पुष्कळ जहाजांवर न्हाणीघरातला सॉकेट फक्त शेव्हरपुरताच असतो.

गंगावेशीचा (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल आभारी आहे. सर्व उत्तरे वडिलांना वाचून दाखवली. डार्विनची गोष्ट त्यांना विशेष आवडली आणि पेनांगचा पर्याय त्यांनी एका वाक्यात मंजूर केला: ‘माणूस आपल्यासारखा असला म्हणजे झालं.’ मिशांबाबत मात्र ते कोणावरही विसंबायला तयार नाहीत.

एक शंका उरते. पेनांगला दुसऱ्या दिवशी दाढी केली, तर चौथ्या दिवशीच्या फोटोपर्यंत पांढरे खुंट दिसणार. त्या दिवशी जहाज चालू असणार. मग काय करावे?

रंकाळाकाठ

त्या दिवशी सकाळी खोलीतच इलेक्ट्रिक शेव्हर फिरवावे. ते तुम्ही फिरवायचे, वडिलांनी नाही. जाळीखाली पाते असल्याने कापण्याची भीती फार कमी, आणि दोन दिवसांचे खुंट त्याला सहज झेपतात. मात्र त्याची सवय इथेच करावी. पहिला प्रयोग समुद्रात नको. मिशांसाठी त्यांचा एक आवडता फोटो मोबाइलमध्ये ठेवावा आणि कारागिराला आधी तो दाखवावा, भाषा कोणतीही असो.

गंगावेशीचा (धागाकर्ता)

परवा परत आलो. पुढे कोणाला उपयोग होईल म्हणून वृत्तांत लिहितो.

निघण्यापूर्वी कोल्हापुरात तीन वेळा शेव्हरचा सराव केला. पहिल्या वेळी वडिलांनी ‘हे गवत कापायचं यंत्र आहे’ असा शेरा मारला, तिसऱ्या वेळी काही बोलले नाहीत. पेनांगला सकाळी लवकर उतरलो. लिटल इंडियातल्या पहिल्या दुकानात गर्दी होती, दुसऱ्यात साठीचे एक तमिळ गृहस्थ एकटेच होते. त्यांनी वडिलांचे कान पाहिले, स्वतःच्या दंडावर थाप मारून कुस्तीची खूण केली आणि वडील जे हसले त्यातच निम्मे काम झाले. नव्या पात्याचे वेष्टन आमच्यासमोर फोडले. उलटी नको हे मी हाताने दाखवले. मिशांचा फोटो पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मिशांना शेवटपर्यंत बोट लावले नाही. हनुवटीखाली एक बारीक कापले गेले. आमचीच तुरटी लावली आणि घड्याळ लावून दहा मिनिटे दाबून धरले, तेवढ्यात थांबले.

जहाजावरची दाढी मी स्वतः फुकेतच्या दिवशी करून घेतली, कारण लहान बोटीत उतरणे वडिलांच्या गुडघ्यांना जमणारे नव्हते आणि मीही त्यांच्यासोबत थांबलो होतो. दर त्या दिवशी कमी होता, सलून रिकामे होते, जहाज जवळजवळ स्थिर होते. वस्तरा नव्हता, रेझरच होता. गरम टॉवेलसाठी मी पुन्हा जाईन, दाढीसाठी नाही. बाटल्यांची यादी मलाही मिळाली. मी आधीच नाही म्हटलेले असल्याने ती घडी घालून परत देता आली. वडील शेजारच्या बाकावर बसून सगळे पाहत होते. बाहेर पडल्यावर त्यांनी माझ्या गालावरून उलटा हात फिरवला आणि जबड्याच्या कोपऱ्यात राहिलेले चार केस मला दाखवले.