सर्व्हर सुरू होताना सेवा बंद पडते, मागाहून हाताने सुरू केली की चालते

प्रश्न : निळीशाई

नमस्कार. डेबियन १२ वर चालणाऱ्या एका सर्व्हरवर, नोंदी साठवणारा आम्हीच लिहिलेला एक प्रोग्राम सिस्टमडी या सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेची सेवा म्हणून बसवला आहे. सर्व्हर रीस्टार्ट केला की ही सेवा बहुतेक वेळा 'फेल्ड' अवस्थेत सापडते. मात्र लॉगिन करून 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' दिले की लगेच सुरू होते आणि पुढच्या रीस्टार्टपर्यंत विनातक्रार चालते. युनिट फाइलमध्ये (सेवा कशी चालवायची हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'आफ्टर'समोर 'नेटवर्क.टार्गेट' (टार्गेट म्हणजे बूटमधला एक टप्पा) आणि 'रीस्टार्ट'समोर 'ऑलवेज' लिहिलेले आहे, आणि सेवा 'एनेबल' केलेली, म्हणजे बूटच्या वेळी आपोआप सुरू होणारी, असल्याची खात्री मी करून घेतली आहे. प्रोग्राम सर्व्हरच्या एकाच ठरावीक आयपी पत्त्यावर पोर्ट उघडतो. त्याचा डेटा वेगळ्या डिस्कवर असतो आणि ती डिस्क एफएसटॅब या डिस्कच्या यादीच्या फाइलमधील नोंदीनुसार माउंट होते, म्हणजे एका फोल्डरच्या जागी जोडली जाते. नेटवर्कची मांडणी सिस्टमडी-नेटवर्कडी पाहतो.

सध्या 'एक्झेकस्टार्टप्री'मध्ये (प्रोग्रामच्या आधी चालणाऱ्या ओळीत) ३० सेकंदांचा 'स्लीप' घालून वेळ मारून नेली आहे. त्याने सेवा सुरू होते. पण नेमके कशासाठी थांबतो आहोत हेच माहीत नसेल, तर तो उपाय तसाच ठेवणे मनाला पटत नाही. शिवाय 'ऑलवेज' लिहिलेले असूनही सिस्टमडी पुन्हा पुन्हा प्रयत्न का करत नाही, हाही प्रश्न आहेच.

उत्तर : रात्रपाळी

कोणताही बदल करण्याआधी लॉग पाहावा. 'जर्नलसीटीएल'ला 'बी' आणि 'यू' हे पर्याय देऊन सेवेचे नाव दिले, की फक्त या वेळच्या बूटमधल्या आणि फक्त त्या सेवेच्या ओळी समोर येतात. त्यालाच 'शॉर्ट-मोनोटोनिक' हा आउटपुटचा प्रकार जोडला, तर प्रत्येक ओळीपुढे घड्याळातल्या वेळेऐवजी बूट सुरू झाल्यापासूनचे सेकंद दिसतात आणि कोणती गोष्ट कोणाच्या आधी घडली हे लगेच कळते. त्या वेळेच्या आसपास नेटवर्कडीच्या आणि माउंटच्या ओळी कुठे येतात, तेही पाहून इथे लिहावे.

आणखी एक बाब स्पष्ट करावी. 'हाताने चालते' याचे दोन अर्थ होतात. टर्मिनलमध्ये प्रोग्राम थेट चालवला तर चालतो, पण 'सिस्टमसीटीएल'ने चालत नाही, असे असेल तर प्रश्न बूटच्या क्रमाचा नसून परिसराचा असतो : सेवेला तुमच्या शेलमधला 'पाथ' (प्रोग्राम कुठे शोधायचे याची यादी) मिळत नाही, आणि कामाचे फोल्डर वेगळे सांगितले नसेल तर ते रूट फोल्डर (/) धरले जाते. अशा वेळी 'स्टेटस'मध्ये दिसणारा आकडाच बरेच सांगून जातो. २०३ म्हणजे प्रोग्रामची फाइल सापडली नाही किंवा चालवता आली नाही, २०० म्हणजे कामाच्या फोल्डरमध्ये जाता आले नाही, २१७ म्हणजे सांगितलेल्या वापरकर्त्याची अडचण.

निळीशाई

'सिस्टमसीटीएल स्टार्ट'नेच व्यवस्थित चालते, म्हणजे परिसराची अडचण नसावी. 'स्लीप' काढून पुन्हा बूट केले. साधारण सहाव्या सेकंदाला प्रोग्राम 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' असे सांगून बंद पडतो. हीच ओळ लागोपाठ पाच वेळा दिसते आणि शेवटी 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' येते. नेटवर्क कार्डाला डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळाल्याची ओळ त्यानंतर काही सेकंदांनी आहे.

उत्तर : जुनाप्रशासक

मग निदान झालेच. जो पत्ता कार्डाला अजून मिळालेलाच नाही, त्यावर प्रोग्राम पोर्ट उघडू पाहतो आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) ते नाकारतो.

'नेटवर्क.टार्गेट'च्या नावावरून होणारा समज आणि त्याचा खरा अर्थ यांत बरेच अंतर आहे. ते टार्गेट गाठले म्हणजे नेटवर्क सांभाळणारी यंत्रणा सुरू झाली, एवढेच. कार्डाला पत्ता मिळाला की नाही, याची हमी त्यात नाही. त्याचा खरा उपयोग बंद होताना आहे, कारण बंद होण्याचा क्रम उलटा असतो आणि त्यामुळे नेटवर्क जाण्याआधी तुमची सेवा नीट थांबवली जाते. तुम्हाला हवे आहे ते 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट', आणि ते 'आफ्टर' व 'वॉन्ट्स' अशा दोन्ही ओळींत लिहावे लागते. 'आफ्टर' फक्त क्रम सांगते. रांगेत माझा नंबर अमुक माणसाच्या मागे आहे असे म्हटले, पण तो माणूस रांगेत आलाच नाही, तर माझ्यापुढे कोणीच नसते. तसेच हे आहे. त्या टार्गेटला बूटमध्ये बोलावून घेण्याचे काम 'वॉन्ट्स' करते. उलट नुसते 'वॉन्ट्स' लिहून 'आफ्टर' गाळले, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होतात आणि तुम्ही पुन्हा होता तिथेच येता.

प्रत्यक्ष वाट पाहण्याचे काम 'सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन' ही सेवा करते, म्हणून ती 'एनेबल' आहे का ते पाहावे. सर्व्हरला दुसरे नेटवर्क कार्ड असेल, त्याला केबल जोडलेली नसेल आणि तरीही ते नेटवर्कडीच्या ताब्यात असेल, तर ही सेवा त्याचीही वाट पाहत राहते. मूळ मुदत १२० सेकंदांची असल्यामुळे बूट विनाकारण दोन मिनिटे अडते, आणि मग लोक वैतागून ती सेवाच बंद करून टाकतात. त्याऐवजी त्या कार्डाच्या नेटवर्क फाइलमध्ये 'रिक्वायर्ड-फॉर-ऑनलाइन'समोर 'नो' लिहावे.

'ऑलवेज'बद्दल सांगायचे तर, सिस्टमडीने प्रयत्न केले, पण ते घाईने संपवले. दोन प्रयत्नांमधले मूळ अंतर १०० मिलिसेकंदांचे असते आणि १० सेकंदांत ५ वेळांहून अधिक सुरुवात करू दिली जात नाही. प्रोग्राम सुरू होताच बंद पडत असेल, तर ही मर्यादा एका सेकंदाच्या आत संपू शकते. 'रीस्टार्टसेक'मध्ये, म्हणजे या अंतराच्या ओळीत, ५ सेकंद लिहिले, तर ती मर्यादा कधी गाठलीच जाणार नाही.

हे बदल मूळ फाइलमध्ये करण्यापेक्षा 'सिस्टमसीटीएल एडिट'ने करावेत. त्यामुळे ते वेगळ्या जोडफाइलमध्ये राहतात, आणि फाइल जतन होताच मांडणी आपोआप पुन्हा वाचली जाते. संपादकात थेट फाइल उघडली असेल, तर मात्र 'डीमन-रीलोड' विसरून चालत नाही.

उत्तर : पोर्टमोकळा

वरचे निदान बरोबर आहे, पण उपायाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. 'नेटवर्क-ऑनलाइन'ची वाट फक्त बूटच्या वेळी पाहिली जाते. नंतर केबल निघाली किंवा पत्ता बदलला, तर त्याचा काही उपयोग होत नाही. शिवाय वाट पाहणारी सेवा मुदत संपून अपयशी ठरली, तरी 'वॉन्ट्स'मुळे तुमची सेवा पुढे सुरू होतेच आणि पुन्हा त्याच पत्त्यापाशी अडखळते. प्रोग्राम तुमचाच असेल, तर त्याने सर्व पत्त्यांवर पोर्ट उघडावे आणि कोणाला आत येऊ द्यायचे ते फायरवॉलवर सोडावे, किंवा पोर्ट उघडण्याआधी सॉकेटला (प्रोग्रामच्या नेटवर्क जोडणीच्या टोकाला) 'आयपी-फ्रीबाइंड' हा पर्याय लावावा, म्हणजे पत्ता अजून मिळालेला नसला तरी कर्नल हरकत घेत नाही. कोडला हात लावायचा नसेल, तर 'आयपी-नॉनलोकल-बाइंड' ही कर्नलची मांडणी १ करता येते. मात्र ती सगळ्याच प्रोग्रामना लागू होते, म्हणून मी ती शेवटचा पर्याय मानतो.

उत्तर : रात्रपाळी

दोघांचेही म्हणणे रास्त आहे, आणि 'रीस्टार्टसेक' तर कोणत्याही मार्गाने जाताना ठेवावाच. पण मला पत्त्यापेक्षा त्या वेगळ्या डिस्कची अधिक काळजी वाटते. एफएसटॅबमधल्या साध्या नोंदी नेहमीच्या सेवांच्या आधी माउंट होतात, कारण त्या सेवा 'लोकल-एफएस.टार्गेट'च्या नंतरच येतात. नोंदीत 'नोफेल' लिहिलेले असेल, तर मात्र हा क्रम सुटतो : डिस्क नसली तरी बूट थांबू नये हा त्याचा हेतू, आणि म्हणून तिच्यासाठी कोणी थांबतही नाही. अशा वेळी सेवा कोणतीही चूक न दाखवता सुरू होते, रिकाम्या फोल्डरमध्ये नव्या नोंदी लिहू लागते, आणि थोड्या वेळाने डिस्क त्याच जागी माउंट झाली की त्या नोंदी तिच्याखाली झाकल्या जातात. बंद पडलेली सेवा निदान दिसते तरी. हा प्रकार दिसतही नाही.

यावर 'युनिट' विभागात 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर' लिहून त्यापुढे डेटाच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग द्यावा. ही एकच ओळ क्रम आणि गरज दोन्ही सांगते. डिस्क माउंट झाली नाही, तर सेवा सुरूच होत नाही.

निळीशाई

एफएसटॅबमध्ये 'नोफेल' होतेच. सेवा थांबवून, डिस्क अनमाउंट करून फोल्डर पाहिले, तर आत एक छोटी डेटा फाइल सापडली. तिच्यावरची तारीख 'स्लीप' घालण्याच्याही आधीची आहे. त्यातल्या नोंदी आता मूळ डेटात मिळवून घेतो.

'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर', 'नेटवर्क-ऑनलाइन'च्या दोन्ही ओळी आणि ५ सेकंदांचा 'रीस्टार्टसेक' घातला, 'स्लीप' काढला आणि पुन्हा पुन्हा बूट करून पाहिले. दर वेळी सेवा पहिल्याच प्रयत्नात सुरू झाली. 'सिस्टमडी-ॲनालाइझ'च्या 'क्रिटिकल-चेन'मध्ये सेवेच्या आधी 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' स्पष्ट दिसते. 'आयपी-फ्रीबाइंड' प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत घालणार आहे. तोपर्यंत त्या दोन ओळी राहू देतो.