प्राथमिक शिक्षकांची चिकाटी प्रश्नावलीने मोजावी का?

कोथरूडचा पालक : मी एका मराठी शाळेच्या समितीवर पालक प्रतिनिधी आहे. आमच्याकडील तीन तरुण शिक्षिका वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून गेल्या आणि पहिलीच्या मुलांना दिवाळीनंतर नव्या बाईंची सवय करून घ्यावी लागली. म्हणून नेमणुकीच्या वेळी टीईटीबरोबर (शिक्षक पात्रता परीक्षेबरोबर) चिकाटीचीही चाचणी घ्यावी, असे मी समितीपुढे मांडणार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटी मोजण्यासाठी २००७ मध्ये १२ विधानांची आणि २००९ मध्ये ८ विधानांची श्रेणी, म्हणजे प्रश्नावली, प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडते, हे उमेदवाराने पाचांपैकी एक पर्याय निवडून सांगायचे असते. अमेरिकेतील नवशिक्षकांमध्ये ज्यांना या श्रेणीत अधिक गुण मिळाले, त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगतीही अधिक आढळली होती.

वेल्ह्यातील गुरुजी : आमची शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली-दुसरी बाईंकडे आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. या श्रेणीचा अर्धा भाग आवडीच्या स्थैर्याविषयी आहे, म्हणजे हातातले काम सोडून तुम्ही नव्या कामाकडे वळता का, असे त्यात विचारले जाते. माझे प्रामाणिक उत्तर ‘हो, वारंवार’ असेच येईल, कारण वाचनाचा एक उपक्रम रुळतो न रुळतो तोच दुसऱ्याचे परिपत्रक येते, शिवाय पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती त्याच दिवशी भरायची असते. जनगणना आणि निवडणुकीची कामे तर शिक्षण हक्क कायद्यानेच शिक्षकांना लावता येतात. मग माझे कमी गुण माझ्या स्वभावाचे मानायचे की माझ्या टेबलावरच्या कागदांचे? आणि नोकरी मिळवायला आलेला उमेदवार ‘मी मध्येच सोडून देतो’ असे लिहील, हे आपल्याला खरोखर वाटते का?

कोथरूडचा पालक : गुरुजी, उत्तरे रंगवली जातील हे मान्य आहे, परंतु मुलाखतीतही उमेदवार रंगवूनच बोलतात, म्हणून आपण मुलाखती बंद केलेल्या नाहीत.

संख्याशास्त्राची विद्यार्थिनी : मुलाखतीत प्रतिप्रश्न विचारता येतो, प्रश्नावलीत येत नाही. स्वतः डकवर्थ यांनी डेव्हिड येगर यांच्यासह २०१५ मध्ये लिहिलेल्या लेखात अशी मापने संस्थांचे मूल्यमापन करण्यासाठी वापरू नयेत, असे बजावले आहे. त्यामागे एक मोठे कारण असे, की माणूस स्वतःला आजूबाजूच्यांशी ताडून गुण देतो, त्यामुळे कष्टाळू सहकाऱ्यांमध्ये राहणारा स्वतःला कमी लेखतो. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा ही चिकाटी मानसशास्त्रात आधीपासून मोजल्या जाणाऱ्या ‘कर्तव्यदक्षता’ या स्वभावगुणाशी फार मिळतीजुळती निघाली आणि कामगिरीशी संबंध प्रामुख्याने श्रेणीच्या दुसऱ्या अर्ध्या, म्हणजे प्रयत्न न सोडण्याच्या, भागाचा दिसला. तरीही आपला प्रश्न शिक्षक टिकण्याचा असेल, तर २०१४ चा अभ्यास अधिक कामाचा आहे. त्यात प्रश्नावली नव्हती. नवशिक्षकांच्या अर्जांतील माहितीवरून, महाविद्यालयात असताना कोणते काम त्यांनी किती वर्षे केले आणि त्यात कुठवर मजल मारली, याला परीक्षकांनी गुण दिले होते. पुढे कोण टिकले हे परीक्षकांना ठाऊक नव्हते, आणि अधिक गुण मिळालेले शिक्षक वर्षाच्या मध्ये सोडून जाण्याचे प्रमाण कमी निघाले.

वेल्ह्यातील गुरुजी : हे प्रश्नावलीपेक्षा बरे. पण महाविद्यालयात असताना जिला घरची भातलावणी आणि धाकटी भावंडे सांभाळावी लागली, तिच्या अर्जात ती वर्षे कोणत्या रकान्यात लिहायची? आणि पालकसाहेब, त्या तिघी का गेल्या, हे तुमच्या समितीने त्यांना विचारले होते का?

कोथरूडचा पालक : दोघींचे पगार चार महिने थकले होते, हे मी आधीच लिहायला हवे होते.