फेनवे पार्कवर वडिलांसोबत पहिला सामना: जागा कुठली घ्यावी?

कृष्णाकाठ_ते_बॉस्टन

नमस्कार मंडळी. माझे वडील जूनमध्ये सांगलीहून आमच्याकडे बॉस्टनला येत आहेत. वय ७१. क्रिकेट क्लबचे गुणलेखक म्हणून त्यांनी जवळजवळ ३० वर्षे वही सांभाळली आहे, त्यामुळे खेळ बघायचा म्हणजे प्रत्येक चेंडूचा हिशेब ठेवायचा, ही त्यांची सवय आहे. मी स्वतः गेले चार हंगाम बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघाचा चाहता आहे आणि त्यांच्या फेनवे पार्क या मैदानावर त्यांना एकदा तरी घेऊन जावे, अशी माझी फार इच्छा आहे. मागच्या वर्षी मी एका संकेतस्थळावरून स्वस्तात तिकीट घेतले, तेव्हा नेमका समोर लोखंडी खांब आला आणि संपूर्ण सामन्यात पिचर (चेंडू टाकणारा) मला अर्धाच दिसला. तसे बाबांच्या बाबतीत होऊ नये. जागा कोणत्या बाजूची घ्यावी, आणि बेसबॉलची काहीच माहिती नसलेल्या पण क्रिकेट मुरलेल्या माणसाला तेथे आधी काय दाखवावे, हे अनुभवी लोकांनी कृपया सांगावे.

हिरवी_भिंत

आपण ज्या खांबाबद्दल लिहिले आहे, तो या मैदानाच्या वयाचा भाग आहे. फेनवे पार्क २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झाले. आज वापरात असलेल्या मेजर लीगच्या (बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या) मैदानांत ते सर्वांत जुने आहे आणि छप्पर पेलणारे खांब प्रेक्षकांच्या मधूनच वर गेलेले आहेत. छपराखालच्या ग्रँडस्टँडमध्ये तिकीट घेताना त्या विशिष्ट खुर्चीवरून काय दिसते, याचे छायाचित्र पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. तिथल्या लाकडी खुर्च्या अरुंद आहेत आणि गुडघ्यांना जागा कमी मिळते. ७१ वर्षांच्या माणसासाठी रांगेच्या कडेची खुर्ची घेतलेली बरी, म्हणजे पाय मोकळे करता येतात.

बाजू तिसऱ्या बेसची (बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा), म्हणजे फलंदाजाच्या मागून पाहता डावीकडची घ्यावी. उजव्या कोपऱ्यातल्या बऱ्याच खुर्च्यांचे तोंड फलंदाजाकडे नसून मैदानाच्या मध्याकडे आहे, त्यामुळे तीन तास मान वळवून बसावे लागते. शिवाय संध्याकाळच्या सामन्यात मावळतीचे ऊन त्याच बाजूच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येते. बॉस्टनमध्ये जूनमध्येही रात्री गार वारा सुटतो, तेव्हा बाबांसाठी स्वेटर न्या. गाडी घेऊन मात्र जाऊ नका. ग्रीन लाइन या मेट्रोने केनमोर स्थानकावर उतरलात की पाच-सात मिनिटे चालावे लागते.

नऊ_डाव

मला आपल्या वडिलांची वही महत्त्वाची वाटते, म्हणून त्याविषयीच लिहितो. मी मुंबईत क्रिकेट बघत वाढलो. बेसबॉलची गोडी मला खेळ पाहून लागली नाही, ती गुणपत्रक लिहायला लागल्यावर लागली. दूरदर्शनवर हा खेळ थांबल्यासारखा वाटतो, कारण दोन चेंडूंच्या मध्ये काय चालले आहे ते कॅमेरा दाखवत नाही. हातात पेन्सिल असली की तोच वेळ विचारात जातो.

पद्धत सोपी आहे. मैदानावरच्या प्रत्येक जागेला क्रमांक असतो: पिचर १, कॅचर (फलंदाजामागे बसणारा, यष्टिरक्षकासारखा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६, आणि बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसला दिला आणि तिथून तो पहिल्या बेसला जाऊन दोघे बाद झाले, तर वहीत ६-४-३ एवढेच लिहायचे. स्ट्राइकआउटसाठी (तीनदा योग्य चेंडू हुकवून किंवा सोडून फलंदाज बाद होतो त्यासाठी) इंग्रजी ‘के’ हे अक्षर लिहितात, आणि फलंदाज बॅट न फिरवता उभ्याउभ्या बाद झाला, तर तेच अक्षर उलटे काढतात. ज्यांनी ३० वर्षे निर्धाव चेंडूंचे ठिपके मांडले, त्यांना हे एका डावात जमेल. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावल्याने, म्हणजे ठरावीक वेळात चेंडू टाकायचे बंधन घातल्याने, सामने पूर्वीपेक्षा लवकर संपतात, पण त्यामुळे नोंद करायलाही वेळ कमी मिळतो, एवढे त्यांना आधी सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट क्रिकेटच्या माणसाला हमखास चकित करते. प्रेक्षकांत आलेला चेंडू परत द्यायचा नसतो. ज्याच्या हाती लागला, तो त्याचा. मात्र कठड्यावरून आत वाकून, अजून खेळात असलेल्या चेंडूला हात लावू नये. तसे केल्यास पंच हस्तक्षेप ठरवतात आणि त्या प्रेक्षकाला बाहेरही काढले जाऊ शकते.

जर्सी_स्ट्रीट

वरचे दोन्ही सल्ले योग्य आहेत. मी फक्त भिंतीबद्दल सांगतो, कारण क्रिकेटमधल्या सीमारेषेची कल्पना घेऊन आलेल्या माणसाला तीच सर्वांत आधी दाखवावी. डावीकडची ती हिरवी भिंत, ‘ग्रीन मॉन्स्टर’, सुमारे ३७ फूट उंच आहे आणि फलंदाजापासून जेमतेम ३१० फुटांवर उभी आहे. जागा कमी पडल्याने उभ्या राहिलेल्या या भिंतीमुळे इथला खेळच बदलतो. इतर मैदानांवर सहज झेलला गेला असता असा उंच चेंडू इथे भिंतीच्या वर निघून जातो, आणि इतरत्र होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा) ठरला असता असा सरळ, जोरकस फटका भिंतीवर आदळून खाली येतो. त्यामुळे भिंतीवरून उलटणारा चेंडू कुठे पडेल, याचा अंदाज घेणे ही डाव्या क्षेत्ररक्षकाची खास विद्या झाली आहे. भिंतीच्या पायथ्याचा धावफलक आजही आत बसलेली माणसे हाताने पाट्या लावून चालवतात. आपल्या वडिलांना तो पाहताना ओळखीचे वाटेल.

त्या धावफलकावरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्यांत मोर्स लिपीतील ठिपके आणि रेघा आहेत: संघाचे जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यांची आद्याक्षरे. याच यॉकींच्या काळात, एप्रिल १९४५ मध्ये, पुढे आधुनिक मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरलेले जॅकी रॉबिन्सन यांची याच मैदानावर चाचणी घेतली गेली आणि त्यांना करारबद्ध केले गेले नाही. १९५९ मध्ये पम्प्सी ग्रीन हे कृष्णवर्णीय खेळाडू या संघाकडून खेळले, तेव्हा रेड सॉक्स हा कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा तत्कालीन मेजर लीगमधला शेवटचा संघ ठरला. बाहेरच्या रस्त्याला दिलेले यॉकींचे नाव २०१८ मध्ये काढून पुन्हा जर्सी स्ट्रीट असे केले, त्यामागे हाच इतिहास आहे. मी या संघावर मनापासून प्रेम करतो, आणि म्हणूनच पाहुण्यांना हेही सांगतो.

उजवीकडच्या उघड्या बाकांत हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच लाल खुर्ची आहे. ९ जून १९४६ रोजी रेड सॉक्सचे फलंदाज टेड विल्यम्स यांनी मारलेला ५०२ फुटांचा होम रन तिथे पडला होता. ती खुर्ची फलंदाजाच्या जागेजवळून पाहिली, तरच ते अंतर अंगावर येते. म्हणून शक्य असल्यास सामन्याच्या आदल्या दिवशी तासाभराची मार्गदर्शित फेरी करावी.

कृष्णाकाठ_ते_बॉस्टन

सर्वांचे मनापासून आभार. तिसऱ्या बेसच्या बाजूला, खांबांच्या पुढच्या रांगांत, कडेच्या दोन खुर्च्या घेतल्या. बाबांना काल फोनवर १ ते ९ क्रमांक सांगितले, तर त्यांनी तिकडे वहीत रेघाही आखल्या. त्यांचा एक प्रश्न आहे: चार बॉल (फलंदाजाच्या योग्य टप्प्याबाहेर टाकलेले चेंडू) पडल्यामुळे फलंदाज चालत पहिल्या बेसवर गेला, तर ती नोंद वाइडप्रमाणे गोलंदाजाच्या खात्यावर जाते का?

नऊ_डाव

होय, पिचरच्या खात्यावर जाते. मात्र वाइडसारखी त्यात आपोआप धाव मिळत नाही. तिन्ही बेस आधीच भरलेले असतील, तर तिसऱ्या बेसवरचा खेळाडू पुढे सरकतो आणि तेव्हाच धाव होते. फलंदाजाच्या सरासरीत ती खेळी धरत नाहीत, म्हणून बाबांना त्यासाठी वेगळा रकाना ठेवायला सांगा.