टेकडीमागचा वळसा आधी इंचात मोजा
टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळात टेकडीमागून पाठवलेली तुकडी दरवेळी उशिराच का पोचते, असं एकाने विचारलंय. माझ्या मते घोळ मांडणीतच होतो. वॉरहॅमर ४०,००० या अशाच खेळात साधं पायदळ एका फेरीत साधारण ६ इंच चालतं आणि फेऱ्या पाचच. म्हणजे धावणं सोडलं तर अख्ख्या डावात ३० इंच. त्यातले बारा-पंधरा वळशातच गेले तर लढायला उरलं काय? तिकडे घोडदळ किंवा मोटारसायकलवाले लावा, आणि तेही टेकडीच्या मधोमध नको, बाहेरच्या टोकाशी.

शिवाय नुसत्या आडोशाने भागत नाही, हूल लागते. १७५७ साली लॉइथेनच्या लढाईत प्रशियाचा राजा फ्रेडरिकने ऑस्ट्रियन सैन्याच्या उजव्या बगलेवर हूल दिली आणि मुख्य फौज टेकड्यांआडून त्यांच्या डाव्या बगलेवर नेली.

आमच्या वाशीच्या घरात जेवणाचं टेबल हेच रणांगण, टेकडी गणपतीच्या जुन्या मखरातल्या थर्माकोलची. तिच्यामागे मी मुद्दाम एक फालतू तुकडी ठेवतो. धाकटा भाऊ दोन फेऱ्या तोफा तिकडेच रोखून बसतो. त्या तुकडीने आजवर कुणालाही मारलेलं नाही!